पाचवी फुली

नागपूरच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्यापलीकडे,
निहाल मेश्राम नावाचा पोरगा
मला एक पांढरी गाडी तीन दिवसांसाठी देतो.
आधी लायसन बघतो, मग मला, मग पुन्हा लायसन.
"मॅडम, सोबत कोणी?"
"नाही. मीच."

कागदावर गाडीचं चित्र आहे, वरून काढलेलं,
उन्हात वाळत घातलेल्या कातड्यासारखं पसरलेलं.
आम्ही दोघं गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो.
तो वाकून बोट फिरवतो, ओरखडा लागला की फुली.
मागच्या बंपरवर दोन. आरशावर एक. चाकाच्या वर एक.
"चारच. पाचवी दिसली तर डिपॉझिटमधून."
पेट्रोल तीन काड्या. आणाल तेव्हाही तीनच काड्या.

विरूळच्या फाट्याला समृद्धी सोडली
आणि रस्ता एकदम ओळखीचा झाला.
खड्डे तेच, फक्त आता त्यांची जबाबदारी माझ्यावर.
उपटलेल्या पऱ्हाट्या धुऱ्यावर रचलेल्या,
दोन्ही बाजूंनी बाभळी पुढे सरकलेल्या.
गाडी मी अशी नेली
जसा काठोकाठ भरलेला गुंड नेतात डोक्यावरून.

वाठोड्यात पाण्याच्या टाकीखाली थांबले
तर आधी पोट्टे आले, मग त्यांच्या माया.
"कितीले घेतली वो?"
"भाड्याची आहे."
"मंग डायवर कोठी हाये?"
"मीच डायवर."
"आन् मालक?"
मालक एक ॲप आहे, हे
टाकीखाली उभं राहून कसं सांगणार.

कौतिकाआत्या सकाळी सहालाच तयार.
पिशवीत भाकरी, आधार कार्ड, शिबिराची चिठ्ठी.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून दुधाळ झालेला.
"कडी कोठी हाये हिची?" म्हणत तिनं दार चाचपलं,
हातातला चांदीचा गोट पत्र्यावरून खर्रकन गेला.
तिला ऐकू आलं नाही.
मला आलं.
मी तिचा हात धरून कडीवर ठेवला.

पुढच्या सीटवर ती मांडी घालून बसली, पट्ट्यासकट.
सेवाग्रामपर्यंत काचेतून काहीच दिसत नव्हतं,
म्हणून बोलत राहिली.
तिच्या लग्नाला दमणी भाड्यानं आणली होती,
रोहण्याच्या किसनाजी लोणकराची.
घुंगरं मोजून दिली त्यानं, मोजूनच घेतली.
"एक कमी भरलं. माह्या बापानं बारा आणे देल्ले,
आन् रस्ताभर शिव्या देल्ल्या बैलायले."
ते घुंगरू गेलं कुठं?
आत्या काही बोलली नाही. हसली तेवढी.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली.
काळा चष्मा लावून दवाखान्याच्या पायऱ्या उतरली,
आधी स्वतःचे हात पाहिले, उलटे, सुलटे.
मग माझं तोंड. "वाळली वो तू."
मग गाडीपाशी येऊन उभी राहिली, वाकली.
"हे कोणं केलं? एवढ्या चांगल्या गाडीले?"
"आधीचंच आहे, आत्या."
"मेल्यायले डोये नसतात," ती म्हणाली,
आणि कडी तिला पहिल्या झटक्यात सापडली.

तिला घरी सोडून परत आले तेव्हा रात्र.
निहालनं मोबाईलचा टॉर्च लावला,
सीटवरचा भाकरीचा चुरा झटकला, काड्या मोजल्या.
डाव्या दारापाशी थांबला.
बोटभर रेघ, शेवटी जराशी वळलेली.
कागद त्याला अंधारात नीट वाचता येत नव्हता.
"मॅडम, हे आधीचं होतं का?"
"नाही," मी म्हटलं. "हे आमच्या घरचं."

त्यानं फुली मारली, अठराशे कापले.
खालची प्रत माझी.
कार्बनमधून पाचवी फुली सगळ्यांत ठळक उमटलेली.
कचऱ्याचा डबा तिथंच होता, हाताशी.